सुई आणि कुंडी

मनुष्य आपलें काम कसें करतो यापेक्षां तो आपला फावला वेळ कसा घालवितो यावरून त्याची पारख अधिक चांगली होते, असें वडील माणसें म्हणत असत. काम पोटासाठीं होतें, अभ्यास परीक्षेसाठीं होतो; फावल्या वेळीं मात्र जो तो आपल्या मनाचा धनी असतो. आजच्या विद्यार्थ्याच्या वांट्याला असा वेळ मुळींच येत नाहीं, असें नव्हे. शाळा सुटल्यावर, सुटीच्या दिवशीं, किंवा पावसानें घराबाहेर पडणें अशक्य केलें असतां दोन घटका मोकळ्या मिळतातच. त्या बहुधा हातांतील फोनच्या पडद्यावर बोट फिरवीत निघून जातात. त्यांत पाप आहे असें मी म्हणत नाहीं. मीहि त्या पडद्याकडे पाहतों. परंतु त्या दोन घटकांनंतर “तूं काय केलेंस?” असें कोणीं विचारलें, तर दाखवावयास हातांत कांहींच नसतें. जें करतांना वेळ गेल्याचें दुःख होत नाहीं आणि ज्याच्या अखेरीस हातांत कांहीं तरी उरतें, त्याला मी छंद म्हणतों.

अशा छंदांपैकीं दोहोंविषयीं येथें चार शब्द लिहावयाचे आहेत. एक शिवणकाम आणि दुसरा गॅलरींतील बाग. बाग म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें विहीर, कुंपण आणि माळी उभा राहतो. शिवण म्हटली कीं खडखडणारें यंत्र आणि कापडांचे ढीग. म्हणून “आमच्या दोन खोल्यांच्या घरांत हें कोठून जमणार?” असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः जुन्या बिस्किटांच्या डब्यांत मावेल इतकें शिवणाचें सामान आणि दोन फूट रुंदीच्या गॅलरींत राहतील इतक्या तीन-चार कुंड्या, एवढ्यावर या दोन्ही छंदांचा आरंभ होतो. त्यांस खर्च थोडा, आवाज नाहीं, आणि शेजाऱ्यांची परवानगी लागत नाहीं. तथापि या दोहोंची गोडी अगदीं निरनिराळी आहे. ती निराळी कां आहे, हें मला फार लहानपणीं आणि कांहींशा दुःखानें कळलें. तें सांगतां सांगतांच या छंदांची माहिती द्यावी, असा विचार आहे.

मी सातवींत होतों. गिरगांवांतील एका चाळींत तिसऱ्या मजल्यावर आमचें बिऱ्हाड होतें. आषाढाच्या आरंभीं ओल्या जिन्यावरून घसरून माझा उजवा पाय मोडला आणि सहा आठवडे प्लॅस्टर घालून खाटेवर पडून राहण्याचा प्रसंग आला. खाट गॅलरीच्या दाराशीं टाकलेली होती. पहिले चार दिवस मित्र आले, नंतर तेहि येईनासे झाले. माझी कुरकूर ऐकून कंटाळलेल्या आजीनें एके दिवशीं दुपारीं एक उसवलेली बाजाराची पिशवी, सुई आणि दोरा माझ्या पुढ्यांत आणून टाकला आणि म्हणाली, “पाय मोडलाय तुझा, हात नाहीं मोडले. एवढी पिशवी शिवून दे मला.”

मला अत्यंत लाज वाटली. दारांतून वर्गमित्राचा आवाज ऐकूं येतांच मीं पिशवी पांघरुणाखालीं दडविली आणि सुई माझ्याच मांडीला टोंचून किंचाळलों. सर्व उलगडा झाल्यावर मित्र हंसला. आजी मात्र हंसली नाहीं. ती एवढेंच म्हणाली, “तळमजल्यावरचे शिंपीकाका दिवसभर काय करतात रे? आणि तुझा पाय ज्यांनीं बसवला ते डॉक्टर जखमा कशानें शिवतात?” यावर आम्हां दोघांपाशीं उत्तर नव्हतें. त्या दिवसापासून मीं पांघरूण बाजूला सारून शिवावयास आरंभ केला.

सुई ही मनुष्याच्या अतिशय जुन्या सोबत्यांपैकीं एक आहे. हाडाच्या, नेढें पाडलेल्या सुया सैबेरियांत सांपडल्या आहेत व त्या सुमारे ४०,००० वर्षांपूर्वींच्या मानल्या जातात. म्हणजे शेती करावयास शिकण्याच्या पुष्कळ आधीं माणूस शिवावयास शिकला होता. हाताच्या सुयांना क्रमांक असतात. क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक. यंत्राच्या सुयांचें याच्या नेमकें उलट आहे. तेथें मोठ्या क्रमांकाची सुई जाड असते. हा भेद ठाऊक नसल्यामुळें नवशिके दुकानांतून नेहमीं चुकीची सुई आणतात. मलमलीला बारीक, जाड्याभरड्या कापडाला जाड, एवढें तारतम्य ठेवलें म्हणजे पुरे.

दुसरी चूक दोऱ्याची. पुनःपुन्हां सुई ओंवावयास नको म्हणून आळशी मनुष्य हातभर लांब दोऱ्याऐवजीं दोन-तीन हात लांब दोरा घेतो. तो दोरा दर टांक्याला कापडांतून घांसून विसविशीत होतो, पीळ खातो आणि त्याच्या गांठी पडतात. बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर, इतकाच दोरा एका वेळीं घ्यावा. दोरा दातानें तोडूं नये, कातरीनें तिरपा कापावा. म्हणजे तो नेढ्यांतून सहज जातो. मधल्या बोटांत अंगुस्तान घालण्याची संवय प्रथम अडचणीची वाटते, परंतु जाड कापडाशीं गांठ पडली कीं तिची किंमत कळते.

तिसरी गोष्ट कापडाची. कापडांत उभे आणि आडवे असे दोन धागे असतात, हें आपण सर्व जाणतों. पण त्याचा शिवणाशीं संबंध काय, तें हातांत घेतल्यावांचून उमगत नाहीं. सुती कापडाचा एक चौकोनी तुकडा घ्यावा आणि तो उभ्या धाग्याच्या दिशेनें ओढून पाहावा. तो ताणत नाहीं. आतां तोच कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे, म्हणजे तिरपा, ओढावा. तो रबरासारखा ताणतो. या तिरप्या काटछाटीस शिंपी उरेब म्हणतात. गळ्याच्या गोलाईला लावावयाची पट्टी उरेबच कां कापतात, याचें उत्तर या एका ओढण्यांत मिळतें: सरळ पट्टी वळणावर चुण्या घेते, उरेब पट्टी वळणाबरोबर वळते. त्याचप्रमाणें नवें सुती कापड धुवून, वाळवून, मगच कापावें. तें पहिल्या धुण्यांत आटतें. शिवल्यानंतर आटलें तर केलेले श्रम वायां जातात.

टांके पुष्कळ आहेत, परंतु घरगुती कामास चार आले कीं पुरतात. सुई वरखालीं करीत सरळ पुढें नेली कीं धांवदोरा होतो. दर टांक्याला थोडें मागें येऊन पुढें गेलें कीं टीप होते; ती धांवदोऱ्यापेक्षां पुष्कळच बळकट. कांठ दुमडून कापडाचे एक-दोन धागेच उचलीत घातलेला टांका म्हणजे तुरपाई. ती चांगली साधली तर बाहेरून दिसत नाहीं. चौथें काज. एवढ्या भांडवलावर पहिली वस्तु कोणती करावी? माझें उत्तर पिशवी हेंच आहे. ४० सेंटिमीटर रुंद व ९० सेंटिमीटर लांब असा धुतलेल्या कापडाचा तुकडा मधोमध उलटा दुमडावा. दोन्ही बाजूंना कांठापासून एक सेंटिमीटर आंत टीप घालावी. तोंडाचा कांठ प्रथम अर्धा व नंतर दोन सेंटिमीटर दुमडून तुरपावा. दोन पट्ट्यांचे बंद करून ते तोंडाशीं चौकोनी टीप घालून पक्के करावे, कारण सर्व ओझें तेथेंच येतें. एका पावसाळी दुपारींत ही पिशवी तयार होते आणि पुढें कित्येक वर्षें बाजारांत जाते.

माझी पहिली पिशवी मात्र तीनदां उसवावी लागली. एकदां टांके वांकडे, एकदां बंद उलटा, तिसऱ्यांदा तर मीं पिशवीचें तोंडच शिवून टाकलें होतें! दर वेळीं आजी चष्मा नाकावर सरकवून पाही आणि म्हणे, “उसव. कापड कुठें गेलेलं नाहीं.” शिवणाचा सर्व धीर या वाक्यांत आहे. शिवणांत चूक डोळ्यांना दिसते, ती स्वतःचीच असते, आणि ती दुरुस्त करतां येते. टांका उसवला कीं कापड जवळजवळ पहिल्यासारखें होतें. ज्या मुलाला गणिताच्या वहींत खाडाखोड झाली कीं रडूं कोसळतें, त्यानें महिनाभर शिवून पाहावें. चूक म्हणजे कांहीं प्रलय नव्हे, हें त्याची बोटें त्याला शिकवितील.

हातशिलाईची संवय झाल्यावर ज्यांना हौस असेल त्यांनीं यंत्राकडे वळावें. परंतु तें काय करतें हें समजून घेऊन वळावें. हातशिलाईंत एकच दोरा कापडाच्या आरपार जातो, कारण सुई हातांतून सोडून पलीकडून धरतां येते. यंत्राला तें जमत नाहीं. म्हणून यंत्राच्या सुईचें नेढें मागें नसून टोकाशीं असतें. ती दोरा घेऊन कापडाखालीं उतरते, वर येतांना दोऱ्याचा लहानसा फांस मागें ठेवते, आणि खालच्या बॉबिनवरील दुसरा दोरा त्या फांसांत अडकतो. दोन्ही दोरे कापडाच्या जाडीच्या मध्यभागीं एकमेकांत गुंततात. वरचा दोरा फार ताणलेला असला तर गांठ वर दिसते, सैल असला तर खालीं. यंत्र बिघडलें अशी तक्रार घेऊन येणारांपैकीं पुष्कळांचा बिघाड एवढाच असतो. फ्रान्समधील थिमोनिए नांवाच्या शिंप्यानें १८३० सालीं शिवणयंत्राचें पेटंट घेतलें, तेव्हां पोटावर पाय येईल या भीतीनें पॅरिसच्या शिंप्यांनीं त्याचीं यंत्रें मोडून टाकलीं. दोन दोऱ्यांच्या टांक्याचें पेटंट अमेरिकेंत एलायस हौ यानें १८४६ सालीं घेतलें आणि १८५१ सालीं सिंगरचें यंत्र पुढें आलें. यंत्रांविषयीं साशंक असणाऱ्या महात्मा गांधींनींहि १९२४ सालच्या एका संभाषणांत शिवणयंत्राचा अपवाद केला होता. कारण तें माणसाचे कष्ट वांचविण्याच्या प्रेमांतून जन्मलें, असें त्यांना वाटत होतें.

आतां कुंडीकडे वळूं. माझ्या खाटेसमोर गॅलरीच्या कठड्याशीं आजीचा मोगरा होता. राजापूर तालुक्यांतील आमचें घर विकावें लागलें त्या वेळीं परसांतील मोगऱ्याची एक फांदी ओल्या फडक्यांत गुंडाळून तिनें मुंबईस आणली होती. त्या घरांतलें तिच्यापाशीं उरलेलें जिवंत असें तेवढेंच होतें. मी पिशवी नीट शिवली म्हणून खूष होऊन तिनें मोगऱ्याला पाणी घालण्याचें काम माझ्याकडे सोंपविलें. मीं तें मनःपूर्वक केलें. सकाळीं एक तांब्या, संध्याकाळीं एक तांब्या. कांहीं दिवसांनीं पानें पिवळीं पडूं लागलीं. झाड तहानलें असेल असें समजून मीं दुपारींहि एक तांब्या घालूं लागलों. पायाचें प्लॅस्टर निघालें त्या आठवड्यांत मोगरा मेला.

तो कां मेला, हें मला पुढें कळलें, आणि कुंडींतील बागेचें पहिलें शास्त्र तेंच आहे. झाडाचीं मुळें केवळ पाणी पीत नाहींत. तीं श्वासहि घेतात. मातीच्या कणांमध्यें बारीक पोकळ्या असतात व त्यांत हवा असते. सतत पाणी घातलें कीं त्या पोकळ्या पाण्यानें भरतात, मुळांना प्राणवायु मिळेनासा होतो आणि तीं कुजतात. कुजलेलीं मुळें पाणी वर चढवूं शकत नाहींत, म्हणून माती ओली असतांहि पानें पिवळीं पडतात व माना टाकतात. अजाण मनुष्य त्याला तहान समजतो आणि आणखी पाणी घालतो. पावसाळ्यांत तर वाऱ्याबरोबर आंत येणारे तुषारच कित्येक कुंड्यांना पुरेसे असतात. यासाठीं नियम सोपा आहे: घड्याळाकडे पाहून पाणी घालूं नये, मातींत बोट घालून पाहावें. एक पेर खोल माती कोरडी लागली तरच पाणी द्यावें, आणि तें कुंडीच्या तळच्या छिद्रांतून थोडें बाहेर येईपर्यंत द्यावें. तळाला छिद्र नसलेलें सुंदर भांडें हें झाडाचें थडगेंच समजावें. छिद्रावर खापराचा एक तुकडा ठेवला कीं माती वाहून जात नाहीं. मातीच्या कुंडीच्या भिंतींतून ओल बाहेर पडते, प्लॅस्टिकच्या कुंडींतून पडत नाहीं. म्हणून प्लॅस्टिकच्या कुंडीला पाणी कमी लागतें.

दुसरें शास्त्र उजेडाचें. झाड विकत घेण्यापूर्वीं आपल्या गॅलरीचें तोंड कोणीकडे आहे आणि तेथें ऊन किती तास येतें, तें दोन-तीन दिवस पाहावें. पूर्वेकडील गॅलरींत सकाळचें कोंवळें ऊन येतें. तुळस, मोगरा, सदाफुली तेथें सुखानें राहतात. पश्चिमेचें दुपारचें ऊन कडक असतें. तेथें पाणी अधिक वेळां लागतें. दक्षिणेकडील गॅलरींत हिंवाळ्यांत सूर्य खालून जात असल्यामुळें ऊन आंतपर्यंत येतें, उन्हाळ्यांत मात्र तें कठड्यावरच अडतें. उत्तरेकडील गॅलरी सावलीची. तेथें नेचे, मनीप्लांट यांसारखीं सावलींतलीं झाडें लावावीं. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळें साधारणतः मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हींचा सूर्य डोक्याच्या किंचित् उत्तरेस असतो, आणि तेवढ्यापुरतें उत्तरेच्या गॅलरींतहि थोडें ऊन उतरतें. भूगोलाच्या पुस्तकांतील सूर्याचें उत्तरायण व दक्षिणायन ज्याला कधीं समजलें नाहीं, त्यानें वर्षभर आपल्या कुंड्यांवरील ऊन पाहावें. त्याला पुन्हां पाठांतर करावें लागणार नाहीं.

कोणतीं रोपें लावावीं? नवशिक्यानें मेथीपासून आरंभ करावा. मेथीचे दाणे रात्रभर भिजवून उथळ कुंडींत पेरले कीं दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात आणि तीन-चार आठवड्यांत एका वेळची भाजी निघते. इतकें त्वरित फळ देणारा गुरु दुसरा नाहीं. त्यानंतर कोथिंबीर. अखंड धणा हें एक फळ असून त्याच्या पोटांत दोन बिया असतात. म्हणून धणे हलक्या हातानें रगडून त्यांचे दोन भाग करून पेरावे. कोथिंबिरीला उगवावयास आठ-दहा दिवस किंवा अधिकहि लागतात; तोंवर माती उकरून पाहण्याचा मोह आवरणें, हीच तिची परीक्षा. पुदिन्याची बाजारांतून आणलेली काडी पाण्यांत ठेवली तरी तिला मुळें फुटतात. मिरचीला चांगलें ऊन पाहिजे आणि बीं पेरल्यापासून फळ धरण्यास सुमारे अडीच-तीन महिने लागतात. पानांवर मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर प्रथम पाण्यानें धुवून काढावा, नंतर साबणाच्या पातळ पाण्यांत थोडें कडुनिंबाचें तेल मिसळून फवारावें.

खतासाठीं दुकानांत जाण्याची गरज नाहीं. भाजीचीं देंठें व सालें, वापरलेली चहाची पूड आणि त्यांच्या दुप्पट वाळलेलीं पानें, असे थर छिद्रें पाडलेल्या बादलींत देऊन अधूनमधून हालविले, तर दोन-तीन महिन्यांत काळें, मातीच्या वासाचें खत तयार होतें. दुर्गंधि आली तर ओल अधिक झाली असें समजून वाळलेलीं पानें घालावीं. हें केवळ हौसेचें काम नाहीं. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ सालीं अशाच ओल्या कचऱ्यावर बाग उभी करण्यांत आली, आणि शहराच्या गच्चीवरहि भाजी व फळें पिकूं शकतात हें पुष्कळांना तेथें पाहावयास मिळालें.

गॅलरी ही आपली असली तरी तिच्याखालीं दुसऱ्याची गॅलरी असते, हें विसरूं नये. कठड्यावर मोकळी कुंडी कधींहि ठेवूं नये. वाऱ्यानें ती पडली तर खालून जाणाराचे प्राण जातील. ओल्या मातीचें वजन एका घनफुटास सुमारे ४० किलो भरतें. म्हणून जुन्या इमारतींत मोठ्या कुंड्यांची रांग लावण्यापूर्वीं विचार करावा व मातींत नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळून ती हलकी करावी. कुंडीखालीं बशी ठेवावी, म्हणजे शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर चिखलाचें पाणी गळत नाहीं. परंतु त्या बशींत पाणी सांचूं देऊं नये. डेंग्यू पसरविणारा डास अशाच स्वच्छ, सांचलेल्या पाण्यांत वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस लागत असल्यामुळें आठवड्यांतून एकदां बशी घांसून कोरडी केली कीं त्याचा वंश तेथेंच खुंटतो.

एवढी माहिती जमा झाल्यावर मूळ प्रश्नाकडे येऊं. शिवणांत चूक झाली तर टांका उसवितां येतो. मोगरा मात्र मला उसवितां आला नाहीं. कापड आपली आज्ञा पाळतें, रोप पाळत नाहीं. कापडाला घाई केली तर फार तर पुन्हां शिवावें लागतें. रोपाला घाई केली, फार माया केली, तरीहि तें जातें. एक छंद आपणांस सांगतो कीं चूक सुधारतां येते. दुसरा सांगतो कीं कांहीं चुका सुधारतां येत नाहींत, म्हणून आधीं पाहावें, थांबावें आणि मग हात लावावा. मनुष्याला जगांत या दोन्ही शिकवणी लागतात. नुसतें शिवणाऱ्याला सर्व कांहीं आपल्या हातांत आहे असा गर्व होण्याचा संभव असतो, आणि नुसत्या बागेंत रमणाऱ्याला आपल्या हातांत कांहींच नाहीं असें वाटण्याचा. दोन्ही छंद एका घरांत नांदले तर एकाचें उणें दुसरा भरून काढतो.

हे उद्योग बायकांचे किंवा अडाण्यांचे, असा समज अजूनहि कोठें कोठें ऐकूं येतो. महाराष्ट्रानें तरी असें म्हणूं नये. संत नामदेव शिंप्याच्या कुळांतले आणि संत सावता सोलापूर जिल्ह्यांतील अरण गांवचे माळी. दोघेहि एकाच काळांत होऊन गेले आणि दोघांनाहि मराठी मनुष्य आजवर विसरला नाहीं. दुसरें उदाहरण विल्यम कॅरी यांचें. १७६१ सालीं इंग्लंडांत जन्मलेला हा गृहस्थ तरुणपणीं चर्मकाराच्या दुकानांत आरी व दोरा घेऊन जोडे शिवीत असे, आणि झाडांचा त्याला बालपणापासून नाद होता. पुढें बंगालमध्यें श्रीरामपूर येथें त्यानें मोठी बाग केली आणि १८२० सालीं कलकत्त्यास शेती व बागाइतीच्या अभ्यासासाठीं एक संस्था स्थापन केली. याच कॅरीनें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण आणि १८१० सालीं मराठीचा कोश छापून प्रसिद्ध केला. जोडे शिवणारा आणि कुंड्या भरणारा हात विद्येला पारखा होतो, असें म्हणणारानें या तारखा ध्यानांत ठेवाव्या.

माझ्या मोगऱ्याची कथा अपुरी राहिली आहे. झाड मेल्यावर आजीनें मला एका शब्दानेंहि दुखविलें नाहीं. पण रिकामी कुंडी तिनें जागची हालविली नाहीं, आणि रोज सकाळीं ती तेथें क्षणभर उभी राहत असे, तें मी पाहत असें. मला जेवण गोड लागेना. अखेर एके दिवशीं मीं रडत विचारलें, “आजी, आतां काय करायचं?” तेव्हां ती म्हणाली कीं, समोरच्या बिऱ्हाडांतल्या काकूंना तिनें चार वर्षांपूर्वीं याच मोगऱ्याची एक फांदी दिली होती. पुढील वर्षीं पावसाळ्याच्या तोंडावर काकूंनीं आपल्या झाडाची वीतभर फांदी कापून दिली. मीं खालचीं पानें काढलीं, दोन डोळे मातीखालीं जातील अशी ती त्याच कुंडींत लावली, आणि ती सावलींत ठेवून दररोज फक्त बोट घालून पाहत राहिलों. महिन्याभरानें तिला नवीं पानें फुटलीं. त्याच्या पुढल्या उन्हाळ्यांत पहिली कळी आली, ती आजीनें देवापुढें न ठेवतां माझ्या तळहातावर ठेवली.

आजी आतां नाहीं. तिच्या जुन्या लुगड्यांची गोधडी आम्हीं भावंडांनीं मिळून शिवली. कडेपासून मध्यापर्यंत धांवदोऱ्याच्या फेऱ्या घालतांना माझ्या वांट्याची एक रांग वांकडी गेली आहे. ती मीं मुद्दाम उसविली नाहीं. मोगरा माझ्या आजच्या गॅलरींत आहे, आणि दर पावसाळ्यांत मी त्याच्या दोन-तीन फांद्या कोणाला तरी देतों. झाड राखण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय कोणता, असें मला कोणीं विचारलें, तर तें वाटून टाकावें, हेंच मी सांगतों. स्वतःची कुंडी वाळली तरी शेजाऱ्याकडे तें जिवंत असतें.

विद्यार्थिमित्रहो, या सुटींत मोठा संकल्प करूं नका. घरांतील एक जुनी चादर, एक सुई, एक कुंडी आणि मूठभर मेथी एवढेंच घ्या. पिशवी वांकडी झाली तर उसवा. रोप मेलें तर कां मेलें तें शोधा आणि पुन्हां लावा. घरांत आजी किंवा आजोबा असतील तर त्यांना विचारा. त्यांच्यापाशीं एखादा टांका किंवा एखादी फांदी निश्चित असेल, आणि ती मागणाराची ते कदाचित् फार दिवसांपासून वाट पाहत असतील.